राज्यघटना पाठ, ग्रामसभा ओस

चोपडे, पारोळे, शिरपूर किंवा साक्री, खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी भल्या सकाळी चक्कर मारली तर एक दृश्य हमखास दिसते. बसस्थानकाजवळच्या एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दिवे लागलेले असतात आणि जिन्याखाली सायकली व मोटारसायकली दाटीने उभ्या असतात. वर अभ्यासिका असते. आडोसे घालून केलेल्या अरुंद खणांत वीस-बावीस वर्षांची मुले-मुली मान खाली घालून वाचत बसलेली असतात. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली काय सांगितले, वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालात कोणत्या शिफारशी होत्या, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिल महिन्यात कोणत्या तारखेस अमलात आली, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. स्पर्धा परीक्षेत त्यावर प्रश्न येतात आणि एका गुणाने माणूस यादीबाहेर फेकला जातो.

त्याच तालुक्यातील एखाद्या खेड्यात १५ ऑगस्टला किंवा २ ऑक्टोबरला ग्रामसभा बोलाविलेली असते. कायद्याप्रमाणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर हवेत. ते जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसल्यामुळे पुढे कधीतरी पाच-पंचवीस माणसांच्या साक्षीने ठराव होतात, आणि गावाच्या वर्षभराच्या खर्चाचा निर्णय लागतो. ग्रामसभेच्या कलमांवर अचूक उत्तर लिहिणारा गावचा पदवीधर त्या पंचवीसांत नसतो. तो तालुक्याला, अभ्यासिकेत असतो.

या विसंगतीवर हसणे सोपे आहे, आणि त्याहूनही सोपे आहे ते तरुणांना बोल लावणे. ‘आजच्या पिढीला ध्येय नाही, तिला फक्त नोकरी, मोटारसायकल आणि मोबाइल ठाऊक’, हे वाक्य सत्काराच्या आणि पुण्यतिथीच्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. ते वाक्य तपासून घेण्याची वेळ आली आहे. कारण ते खरे असेल तर उपाय उपदेशाचा. आणि खोटे असेल तर उपदेश करणाऱ्यांनाच काही उत्तरे द्यावी लागतील.

ज्या भूमीत हे घडते आहे

ही रिकामी जागा खानदेशाला इतरांपेक्षा अधिक खुपावी असा या भूमीचा इतिहास आहे. राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी उपस्थित होते, आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. हा व्याप अंगावर घेणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे याच मातीतले कार्यकर्ते होते, आणि त्यांच्यामागे गावोगावचे तरुण स्वयंसेवक होते. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात होते, पुढे धुळे जिल्ह्यात राहिले, आणि १९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. १९४४ च्या एप्रिलात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला तोही साताऱ्याच्या आणि खानदेशाच्या तरुणांच्या हातून.

स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा एकदम खंडित झाली नाही. १९७१-७२ च्या सुमारास शहादे भागात भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातूनच आलेला कार्यकर्ता तिच्या अग्रभागी होता. कुमार शिराळकरांसारखे उच्चशिक्षित तरुण पुण्या-मुंबईच्या सुखाच्या वाटा सोडून तेथे राहावयास गेले. श्रमिक संघटनेच्या त्या धामधुमीतूनच वाहरू सोनवणे यांच्यासारखा भिल्ल तरुण कार्यकर्ता आणि कवी म्हणून महाराष्ट्रासमोर आला.

हा इतिहास सांगताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. १९३६ साली किंवा १९४२ साली खानदेशातील सगळीच मुले रस्त्यावर उतरली होती असे नाही. बहुसंख्य तेव्हाही शेतात, दुकानात आणि वर्गातच होती. फरक इतकाच, की ज्या थोड्यांना घराबाहेरचा विचार करावासा वाटे, त्यांना जाण्यासाठी जागा होती, आणि त्या जागेपर्यंत हात धरून नेणारे कोणीतरी होते.

साने गुरुजींचे अंमळनेरमधील कार्य या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९२४ ते १९३० या काळात ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. गुरुजींविषयी बोलताना आपण त्यांच्या डोळ्यांतील पाण्याविषयीच फार बोलतो. त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ चालविले, ‘विद्यार्थी’ मासिक काढले, आणि जगात काय चालले आहे ते रोजच्या रोज त्या मुलांपुढे ठेवले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती याच शिक्षकाने टिपून घेतली. तुरुंगातही तरुणांची शाळाच भरली होती. सार्वजनिक जीवनाची गोडी जन्मजात नसते. ती लहान लहान कामांतून, कोणाच्या तरी सोबतीने लागते.

इटलीचा दाखला

तरुणांची ही माघार केवळ आपल्याकडची नाही. तिचा दीर्घकाळ आणि पद्धतशीर अभ्यास ज्या थोड्या देशांत झाला त्यांत इटलीचा समावेश होतो, आणि तेथील अनुभव आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे.

१९६८ पासूनची दहा वर्षे इटलीतील तरुण विद्यापीठांत, कारखान्यांत, चौकांत होता. पण त्याच दशकात बाँबस्फोट आणि राजकीय हत्या यांचे सत्र सुरू झाले. १९७८ च्या मे महिन्यात माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांची ‘लाल ब्रिगेड’ने हत्या केली, आणि त्या सुमारास तरुण घरी परतू लागला. इटालियन लोकांनी या परतण्याला ‘रिफ्लुस्सो’, म्हणजे ओहोटी, असा शब्द दिला. १९८३ पासून मिलानच्या ‘यार्ड’ या संस्थेने काही वर्षांच्या अंतराने तरुणांच्या मूल्यांची पाहणी केली. कुटुंब, काम, प्रेम आणि मैत्री यांना तरुण वरचे स्थान देत, आणि राजकीय कार्याला अगदी तळाचे. १९७६ साली तेथे ९३ टक्क्यांवर मतदान झाले होते. २०२२ साली ते ६४ टक्क्यांच्या आसपास आले.

तेव्हा इटलीतही वडीलधाऱ्यांनी ‘मूल्ये बुडाली’ असा आक्रोश केला. पण ज्याच्या लेखी कुटुंब, काम आणि मैत्री यांना मोल आहे त्याला मूल्यहीन म्हणता येत नाही. त्याने आपल्या मूल्यांची कक्षा आवळून घेतली होती. जेथे आपला शब्द चालतो आणि आपल्या कष्टाचे फळ दिसते तेवढेच जग त्याने आपले मानले होते. शिवाय, पक्षकार्यालये ओस पडत असताना त्याच देशात रुग्ण, व्यसनाधीन, अपंग यांच्यासाठी काम करणारी स्वयंसेवी मंडळे वाढत गेली. त्यांच्यासाठी १९९१ साली स्वतंत्र कायदाही करावा लागला. तरुणाचा विश्वास पक्षांवरून आणि पदाधिकाऱ्यांवरून उडाला होता. शेजाऱ्यावरून तो पुरता उडालेला नव्हता.

इटलीच्याच दक्षिणेतील एका गरीब गावाचा अभ्यास करून एडवर्ड बॅनफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९५८ साली असा निष्कर्ष काढला होता, की तेथील माणूस आपल्या कुटुंबाच्या तात्कालिक लाभापलीकडे पाहत नाही, म्हणून तेथे कोणतेही सामुदायिक कार्य उभे राहत नाही. त्यावर टीकाकारांचा आक्षेप असा होता, की दारिद्र्य, जमिनीची विषम वाटणी आणि दूरच्या सत्तेचा धाक यांतून जे उपजले ते त्याने लोकांच्या स्वभावावर लादले. खानदेशातील तरुणाविषयी बोलताना आपणही नेमकी हीच चूक करीत आहोत.

दारे कोणी लावून घेतली?

आपल्या तरुणाची मूल्ये पाहावयाची असतील तर अभ्यासिकेतच पाहावीत. बापाने कापूस विकून किंवा केळीच्या बागेवर उचल घेऊन दिलेल्या पैशांवर तो तेथे बसलेला असतो, आणि त्याला त्याची लाज व जाणीव दोन्ही असतात. तो एका वेळचा डबा दोघांत वाटून खातो. बहिणीच्या लग्नाचा विचार त्याच्या डोक्यातून जात नाही. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, म्हणून नोकरी हा त्याच्या लेखी केवळ पगाराचा प्रश्न उरलेला नाही. अंमळनेरच्या प्रताप मिलसारख्या, जळगावच्या खानदेश मिलसारख्या ज्या गिरण्यांनी एके काळी हजारोंना काम दिले आणि कामगार संघटनांच्या रूपाने सार्वजनिक जीवनाचे शिक्षणही दिले, त्या बंद पडून फार वर्षे झाली. राहता राहिली सरकारी नोकरी. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. या चरकातून जाणाऱ्या मुलाला ‘तू समाजासाठी काय करतोस?’ असे विचारणाऱ्याने आधी स्वतःच्या मुलाकडे पाहावे.

पण पोटाची चिंता हे पुरेसे उत्तर नाही. फैजपूरच्या काळी खानदेश आजच्यापेक्षा अधिक गरीब होता. तेव्हा जे होते आणि आज नाही ते म्हणजे सार्वजनिक जीवनात प्रवेश करण्याची दारे. ती एकेक करून बंद झाली, आणि ती तरुणांनी बंद केली नाहीत.

पहिले दार महाविद्यालयाचे. विद्यार्थी संघाच्या निवडणुका हे अनेकांचे सार्वजनिक जीवनातील पहिले पाऊल असे. त्या निवडणुकांत हिंसा शिरली, गुंड शिरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाचाच मार्ग बंद केला आणि परीक्षेतील गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची प्रथा पाडली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. त्या २०१९ साली घोषित झाल्या आणि विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलण्यात आल्या. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. त्यात शिकून गेलेल्या कितीतरी तुकड्यांना आपला प्रतिनिधी आपण निवडून देणे म्हणजे काय असते, याचा अनुभवच मिळाला नाही. घटनादुरुस्ती करून मतदानाचे वय १९८९ साली १८ वर आणले, आणि पाच वर्षांत त्याच वयाच्या मुलाला त्याच्या महाविद्यालयात मत देण्यास अपात्र ठरविले, असा हा व्यवहार आहे.

दुसरे दार स्थानिक स्वराज्य संस्थांचे. ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत राहिल्या हे खरे. पण जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिकांवरही २०२३ सालात मुदत संपल्यावर प्रशासक आले. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालयीन दावे अशी कारणे सांगितली गेली; अखेर २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. २०२२ साली जी मुलगी १८ वर्षांची झाली ती जिल्हा परिषदेसाठी एकदाही मत न देता उमेदवार होण्याच्या, म्हणजे २१ वर्षांच्या, वयाला पोहोचली. तिला लोकशाहीविषयी अनास्था आहे असे म्हणण्यापूर्वी लोकशाहीने तिच्याविषयी किती आस्था दाखविली ते पाहावे.

तिसरे दार सहकाराचे. विकास सोसायटी, दूध संघ, सूतगिरणी, साखर कारखाना यांनी खेड्यातल्या माणसाला सभेत बोलावयास, हिशेब विचारावयास शिकविले. पुढे त्यांतील खुर्च्या ठरावीक घराण्यांकडे गेल्या. वार्षिक सभेत प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसविण्यात येऊ लागले. जळगाव जिल्ह्यात कितीतरी पतसंस्था बुडाल्या आणि म्हाताऱ्यांच्या ठेवी त्यांत अडकल्या; त्या म्हाताऱ्यांचे नातू आज अभ्यासिकेत आहेत. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेच्या प्रकरणात २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्या निकालावर पुढे अपिले झाली आणि त्यांतील कायद्याचा भाग न्यायालयांनी पाहावा. पण गरिबांच्या घरांचा प्रश्न दोन दशके कज्ज्यात जाताना ज्याने पाहिला, त्या मुलाला सार्वजनिक जीवन म्हणजे काय वाटले असेल, याचा विचार आपण करावयास हवा.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

इतके सांगितल्यावर तरुणांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. ज्याला न्यायाने वागविले नाही त्याची प्रत्येक कृती न्याय्य ठरते असे नाही.

‘राजकारण घाण आहे, आपण त्यात नको’ असे म्हणणारा तरुण स्वतःला स्वच्छ समजतो. पण त्याने सोडलेली जागा कोणीतरी घेतोच. वाळूच्या ट्रॅक्टरांचा मालक घेतो, ठेकेदाराचा भाचा घेतो. तापी-गिरणेच्या काठच्या गावांत वाळू कोणी किती उपसावी हे जेव्हा चार लोक ठरवितात, तेव्हा विहिरीची पाण्याची पातळी त्या अभ्यासू मुलाच्या बापाच्या शेतातही खाली जाते. घरापुरते पाहणाऱ्याचे घरसुद्धा त्यामुळे वाचत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशातील १८-१९ वर्षांच्या मुलामुलींपैकी निम्म्यांहूनही कमी जणांनी मतदार यादीत नाव नोंदविले होते. हे दार कोणी लावून घेतलेले नव्हते.

दुसरे असे की, तरुण सार्वजनिक ठिकाणी अजिबात येत नाही असेही नाही. तो जयंतीच्या मिरवणुकीत येतो, नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर त्याचे छायाचित्र असते, सभेला ट्रकमधून तो नेला जातो. पण मिरवणुकीत कोणी कोणाला हिशेब विचारीत नाही, आणि तेथे मतभेद मांडावयास वाव नसतो. गर्दीत सामील होणे आणि सभेत उभे राहून एक प्रश्न विचारणे, यांत दुसऱ्याला अधिक धैर्य लागते. ते धैर्य या पिढीत नाही असे मानण्याचे कारण नाही. २०२३ आणि २०२४ साली लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसंबंधी पुण्यात रस्त्यावर बसलेले विद्यार्थी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले होते, आणि आपल्या काही मागण्या त्यांनी मान्य करून घेतल्या. संघटित होणे त्यांना जमते. आपल्या परीक्षेसाठी जे जमते ते आपल्या गावच्या पाण्यासाठी जमू नये, हे मात्र त्यांनी स्वतःशी तपासून पाहावे.

आणि ज्यांनी तपासून पाहिले त्यांचे उदाहरण दूर नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा हा छोटा आदिवासी पाडा. तेथील चैत्राम पवार एम. कॉम. झाले आणि गावातच राहिले. १९९० च्या दशकात गावकऱ्यांना एकत्र बसवून त्यांनी उजाड होत चाललेल्या जंगलाचे नियम ठरविले, तोडीवर दंड बसविला, आणि ते नियम सर्वांनी पाळले. जंगल परत आले, पाणी परत आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीपेक्षा लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की तेथे पदवीधर तरुण गावाच्या बैठकीत बसला आणि बैठकीने त्याचे ऐकले. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या म्हणून बारीपाडा घडले.

काय करता येईल?

उपाय मोठे नाहीत, पण ते करावयाचे तर ज्येष्ठांना काही सोडावे लागेल. विद्यार्थी संघाच्या निवडणुका, पैशाला आणि बाहेरच्या हस्तक्षेपाला आळा घालून, घेतल्याच पाहिजेत. गैरप्रकारांच्या भीतीने निवडणूकच टाळावयाची तर मग विधानसभेचीही टाळावी लागेल. ग्रामसभेची तारीख आणि वेळ बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांना येता येईल अशी ठेवण्यास ग्रामपंचायतींना कोणी अडविलेले नाही. झेंडावंदनानंतर घाईने उरकलेली सभा ही सभा नव्हे. विकास सोसायट्यांच्या संचालकांनी तरुण सभासदांना निदान हिशेबतपासणीचा अहवाल समजावून द्यावा. जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या, धुळ्याच्या गरुड वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांनी, आणि तालुक्यातालुक्यांतील अभ्यासिकांनी, महिन्यातून एक संध्याकाळ परीक्षेव्यतिरिक्त एखाद्या स्थानिक प्रश्नासाठी राखून ठेवावी. आणि शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी साने गुरुजींच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर, त्यांनी काढले तसे एखादे हस्तलिखित दैनिक विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. त्याला अनुदान लागत नाही.

तरुणांकडून अपेक्षा एकच आहे. अभ्यासिकेतील खण सोडा असे त्यांना कोणी सांगू नये. घराच्या आशा त्यांच्यावर आहेत. पण येत्या ग्रामसभेला त्यांनी एक दिवस गावी जावे, आणि जे कलम परीक्षेसाठी पाठ केले आहे त्याच्या आधारे गेल्या वर्षीच्या खर्चाचा तपशील मागावा. कदाचित त्यांना खाली बसावयास सांगितले जाईल. तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहणारा एखादा पांढऱ्या केसांचा माणूस त्या सभेत असेल की नाही, यावर बरेच अवलंबून आहे. तो असला, तर तो मुलगा पुढच्या सभेलाही येईल.